सोन्याच्या डोंगरावर राख

१७ एप्रिल १९०६. संध्याकाळ उतरली आहे आणि तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या ड्यूपाँट स्ट्रीटवर उभे आहात, चायनाटाउनच्या ऐन मध्यात. आजकालचे फोटो पाहून आला असाल तर गोंधळून जाल. वळलेल्या छपरांचे पॅगोडे इथे नाहीत, ड्रॅगन गुंडाळलेले दिव्यांचे खांबही नाहीत. गोऱ्या मालकांनी बांधलेल्या साध्या विटांच्या इमारती आहेत. चिनी भाडेकरू आले तशा त्यांना लाकडी गॅलऱ्या फुटल्या, कागदी कंदील लटकले, दारांवर लाल पट्ट्या चिकटल्या. सुकी मासळी, भाजलेलं डुकराचं मांस, उदबत्ती आणि ओल्या तळघरांचा कुबट वास एकमेकांत मिसळला आहे. कोपऱ्यावर एक म्हातारा टेबल मांडून दुसऱ्यांची पत्रं लिहून देतोय.

आजच्या रात्रीपुरतं तुमचं वय बावीस आहे. पाठीवर लांब वेणी आहे. सॅक्रामेंटो स्ट्रीटवरच्या वाणसामानाच्या दुकानात तुम्ही कामाला आहात आणि दुकानाच्याच माळ्यावर आणखी पाच जणांसोबत झोपता. अंगरख्याच्या आतल्या खिशात सरकारी दाखला आहे, फोटो चिकटवलेला. १८९२च्या कायद्याने हा दाखला प्रत्येक चिनी मजुराला सक्तीचा केला. पोलिसाने मागितला आणि दाखवता आला नाही, तर अटक आणि देशाबाहेर रवानगी. झोपतानाही तुम्ही तो काढत नाही.

तुमचं गाव पर्ल नदीच्या मुखाजवळ, टॉइसान भागात. डोंगराळ, भाताला अपुरी जमीन. १८४८मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बातमी हाँगकाँगमार्गे तिकडे पोचली, तेव्हापासून तुमच्याकडचे लोक या मुलखाला सोन्याचा डोंगर म्हणतात. आधी सोन्यासाठी आले, मग सेंट्रल पॅसिफिक रेल्वेच्या कामाला. सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमध्ये बोगदे खोदणाऱ्यांत बहुसंख्य चिनी होते. १८६९मध्ये लोहमार्ग जोडला गेला, हजारो हात रिकामे झाले आणि मंदी आली तशी गोऱ्या कामगारांच्या सभांतून एकच आरोळी उठू लागली की चिन्यांना हाकला. १८८२मध्ये अमेरिकन संसदेने चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी घातली. एका देशाच्या लोकांचं नाव घेऊन दार बंद करणारा असा मोठा कायदा त्या देशाने याआधी केला नव्हता. बायका आणण्यावर त्याही आधीपासून अडथळे होते. म्हणून तर या चौदा हजारांच्या वस्तीत तुम्हाला जिकडेतिकडे पुरुषच दिसतात. तीस-तीस वर्षं पत्रातून संसार करणारे पुरुष.

या वस्तीची तऱ्हा मुंबईकराला समजायला जड जाणार नाही. गिरणगावात रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसांनी गावाच्या नावाने खोल्या घेतल्या, वर्गणी काढली, नव्याने आलेल्याला टेकायला जागा दिली. इथे जिल्ह्याजिल्ह्याची मंडळं तेच करतात. निंग युंग, कोंग चाऊ, साम यप अशी त्यांची नावं. या सगळ्यांची मिळून एक शिखर संस्था, जिला गोरे लोक ‘सिक्स कंपनीज’ म्हणतात. बोटीवरून उतरलात तेव्हा धक्क्यावर तुमच्या बोलीत हाक मारणारा माणूस मंडळाचाच होता. परत जाताना देणी फिटली आहेत असा मंडळाचा कागद दाखवल्याशिवाय बोटीवर पाऊल ठेवता येत नाही. आणि इथेच मेलात, तर काही वर्षांनी मंडळ तुमची हाडं उकरून, धुऊन, पेटीत भरून हाँगकाँगच्या तुंग वा रुग्णालयाकडे पाठवतं, आणि तिथून ती गावी जातात. तुम्ही दिलेल्या वर्गणीत या पेटीचाही खर्च धरलेला आहे. ही मंडळं काही संतांची नव्हती. व्यापाऱ्यांची होती, कर्जवसुलीत कठोर होती. पण उद्या पहाटे जे घडणार आहे, त्यानंतर तुमचा ठावठिकाणा कुणाच्या वहीत लिहिलेला सापडेल तर यांच्याच.

झोपण्याआधी माळ्यावर गप्पा चालल्या आहेत. वयाने मोठा असलेला एक जण सहा वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा सांगतो. मार्च १९००मध्ये ग्लोब हॉटेलात एक चिनी माणूस प्लेगने मेला आणि महापालिकेने सगळ्या वस्तीभोवती दोर बांधले. दोर गोऱ्यांच्या दुकानांना वळसा घालून नेले होते. मग फर्मान आलं की चिनी आणि जपानी माणसाला शहराबाहेर जायचं तर आधी लस टोचून घ्यावी लागेल. ती लस शास्त्रज्ञ हाफकिनची होती, तीन वर्षांपूर्वी मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झालेली. लोक घाबरले, दुकानं बंद झाली, सिक्स कंपनीजने वकील लावला आणि कोर्टाने केवळ वंश पाहून केलेली ही सक्ती रद्द ठरवली. माळ्यावरचा माणूस सांगताना लसीबद्दल फारसं बोलत नाही. वकिलाची फी कशी जमवली, ते सांगतो.

पहाटे पाच वाजून बारा मिनिटं.

आधी आवाज येतो. जमिनीखालून मालगाडी जावी तसा नाही; तिच्याहून खोल, सगळीकडून एकाच वेळी येणारा. मग माळा आडवा सरकतो. मडकी, बरण्या, तांदळाची पोती, माणसं, सगळं एका भिंतीवर जाऊन आदळतं आणि परत येतं. मिनिटभरही नसेल. तुम्ही रस्त्यावर पोचता तेव्हा समोरच्या इमारतीची दर्शनी भिंत जागेवर नाही आणि आतल्या बाजा उघड्या दिसतात. विटांच्या धुळीने सकाळ पिवळी झाली आहे.

इमारती बऱ्याच अजून उभ्या आहेत, म्हणून दुपारपर्यंत लोकांना वाटतं की वाचलो. पण शहराच्या पाण्याचे नळ जमिनीत तुटले आहेत. शहरात पन्नासेक ठिकाणी आगी लागल्या आहेत आणि बंबांना पाणी नाही. जनरल फन्स्टनच्या सैनिकांनी आग अडवायला इमारती सुरुंगाने उडवायला घेतल्या. त्या कामातल्या अननुभवाने कित्येकदा आग थांबण्याऐवजी पुढच्या गल्लीत गेली. महापौर श्मिट्झने लुटारूंना दिसताक्षणी गोळी घालण्याचा हुकूम छापून लावला. त्याच दिवशी, बुधवारी रात्री आग चायनाटाउनमध्ये शिरली. विटांच्या आत सगळं लाकूडच होतं.

तुम्ही सॅक्रामेंटो स्ट्रीटने वर चढता, कारण सगळे वर चढताहेत. ९२० क्रमांकाच्या मिशनच्या घरातून मुलींची रांग निघाली आहे, प्रत्येकीच्या हातात गाठोडं. वेश्यावस्तीतून आणि गुलामीतून सोडवलेल्या या मुलींना डोनाल्डिना कॅमरून सांभाळते. त्याच रात्री ती सैनिकांच्या पहाऱ्यातून परत त्या घरात गेली आणि मुलींच्या पालकत्वाची कोर्टाची कागदपत्रं घेऊन बाहेर आली. ती जळाली असती तर आधीच्या मालकांनी मुलींवर पुन्हा हक्क सांगितला असता. थोड्याच वेळात ते घर सुरुंगाने उडवण्यात आलं. या तीन दिवसांतल्या धावपळीत असंख्य लोकांनी काय काय वाचवलं याच्या गोष्टी आहेत: पोपट, पियानो, शिवणयंत्रं. मला मात्र त्या कागदांच्या चळतीइतकं मोलाचं दुसरं काही आठवत नाही.

पुढे रस्ता फुटतो. बहुतेक चिनी लोक उताराने फेरीबोटींच्या धक्क्याकडे वळले, खाडीपलीकडे ओकलंडला जायला. तिथे आधीपासून छोटी चिनी वस्ती आहे, ओळखीचे आहेत. तुम्ही गर्दीत चुकून पश्चिमेला ढकलले जाता. वाटेत पंधरा वर्षांचा एक मुलगा लोखंडी पट्ट्यांची पेटी दोरीने ओढत चढ चढतोय. बाप चीनला गेलेला, सोबत कुणी नाही. हा मुलगा खरोखर होता. म्हातारपणी त्याने या दिवसांच्या आठवणी लिहिल्या, म्हणून आपल्याला तो दिसतो. तुम्ही पेटीचं दुसरं टोक धरता.

चौथ्या दिवशी आग विझली तेव्हा शहरातल्या अठ्ठावीस हजार इमारती गेल्या होत्या आणि चार लाखांतले निम्म्याहून अधिक लोक बेघर झाले होते. मृतांचा सरकारी आकडा पाचशेच्या आत ठेवला गेला. शहराला भांडवल हवं होतं आणि भांडवल घाबरू नये याची काळजी होती. पुढच्या संशोधनाने तो आकडा तीन हजारांच्या वर नेला. चायनाटाउनच्या तळघरांत, एकेका खोलीत दाटीवाटीने झोपलेल्या माणसांपैकी त्या पहिल्या यादीत किती होते? नावालाच.

छावणीत पहिला तंबू मिळतो व्हॅन नेस अव्हेन्यूच्या टोकाला. तो नीट ठोकून होत नाही तोच हुकूम येतो: चिन्यांनी प्रेसिडिओ या लष्करी तळाच्या गोल्फच्या मैदानावर जावं. तुम्ही जाता. मग जवळच्या बंगल्यांतल्या रहिवाशांची तक्रार येते की वाऱ्याबरोबर चिनी छावणीचा वास त्यांच्याकडे येईल. पुन्हा तंबू उखडायचे. या वेळी अगदी टोकाला, फोर्ट पॉइंटजवळ, जिथे समुद्रावरून दिवसरात्र बोचरं वारं येतं. या सगळ्या हलवाहलवीत आठवडाही गेलेला नाही. आणि तुमची वस्ती जिथे होती तिथे, राख गार होताच, लोक खोदायला आले आहेत. वितळलेलं कांसं, जेड, चिनी मातीची भांडी. नॅशनल गार्डचे शिपाई त्यात आहेत, चांगले कपडे घातलेले स्त्रीपुरुषही आहेत. दिसताक्षणी गोळी घालण्याचा हुकूम त्यांच्यासाठी नव्हता.

मदतीचं काय? सरकारी शिधा चिन्यांनाही मिळाला, तो नाकारला गेला नाही. पण तुम्ही शोधताय तो शिधा नाही, तुमच्या दुकानाचा मालक, तुमचा चुलता, तुमच्या गावचे लोक. त्यासाठी तुम्ही एका सकाळी छावणी सोडून ओकलंड गाठता. लेक मेरिटजवळ तंबू आहेत, चिनी दुकानांच्या मागच्या खोल्यांत माणसं रांगेने झोपली आहेत आणि एका दुकानात टेबल मांडून मंडळाचा कारकून बसला आहे. तो गाव विचारतो, आडनाव विचारतो, आणि तुमचा चुलता जिवंत असल्याचं सांगतो. बाजूला ‘चुंग साय यात पो’ हे चिनी वर्तमानपत्र पडलं आहे. इंग पून च्यू यांचं हे पत्र जळलेल्या छापखान्याचा शोक करत बसलं नाही, ओकलंडहून पुन्हा निघू लागलं. त्यातला मजकूर कळवळ्याचा कमी आणि कामाचा जास्त आहे: परत जा, जागामालकांशी करार करा, लवकर बांधायला घ्या.

घाईचं कारण आहे. महापालिकेने एक समिती नेमली आहे आणि तिच्यात शहराचं राजकारण खिशात घालून फिरणारा वकील एब रूफ आहे. समितीचा विचार असा की शहराच्या मध्यावरची ही मोक्याची जमीन आता आपोआप मोकळी झाली आहे, तर चिन्यांना दक्षिणेला पाच-सहा मैलांवर हंटर्स पॉइंटला न्यावं. चिखलाची खाडी, जवळ कत्तलखाने. ही मागणी भूकंपाच्या आधीपासूनची होती. भूकंपाने ती फुकटात पुरी करून दिली, असं त्यांना वाटलं.

मग समुद्रापलीकडून आवाज आला. चीनच्या महाराणी त्सशीने सॅन फ्रान्सिस्कोच्या मदतीसाठी एक लाख टेल चांदी देऊ केली होती. परक्या सरकारांची मदत घ्यायची नाही या धोरणाने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने ती नाकारली. तेव्हा चिनी वकिलातीने आपल्या लोकांपुरती मदत स्वतःच्या हातात घेतली, आणि वॉशिंग्टनहून पहिले सचिव चाऊ त्झू-ची रेल्वेने कॅलिफोर्नियात येऊन थडकले. ओकलंडमध्ये ते गव्हर्नर पार्डींना भेटले. चाऊंनी दयेचा अर्ज केला नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वाणिज्य दूतावासाची जागा चिनी सरकारच्या मालकीची आहे, ती तिथेच, चायनाटाउनच्या मध्यात पुन्हा बांधली जाईल, आणि चिनी लोक हवं तिथे राहतील, एवढं त्यांनी सांगितलं. व्यापाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली: हाकलणार असाल तर आम्ही सिएटलला जाऊ, पोर्टलंडला जाऊ, आणि पूर्वेशी होणारा व्यापार व त्याची जकातही आमच्याबरोबर जाईल. चायनाटाउनमधल्या जमिनींचे बहुतेक मालक गोरे होते आणि त्यांना नेहमीपेक्षा चढं भाडं देणारे चिनी भाडेकरू गमवायचे नव्हते. जुलै येईतो हंटर्स पॉइंटचं नाव कुणी काढेनासं झालं. रूफ पुढे लाचखोरीत तुरुंगात गेला.

मला या प्रसंगात सर्वांत जास्त शिकवतो तो त्यातला हिशेबीपणा. दूरच्या मातृभूमीने ताकद लावली, पण त्या वेळचा चीन दुबळा होता. बॉक्सरच्या बंडात परकी फौजा पेकिंगमध्ये घुसून गेल्याला सहाच वर्षं झाली होती. एकट्या महाराणीच्या नाराजीने सॅन फ्रान्सिस्को हललं नसतं. तिला वजन आलं ते पन्नास वर्षं मंडळांनी जपलेल्या वह्यांमुळे, वकिलांशी असलेल्या ओळखींमुळे, भाडेपट्ट्यांमुळे. आपत्तीनंतर धावून येणाऱ्या परदेशस्थांबद्दल आपण भरभरून लिहितो. इथे आपत्तीत सापडले होते ते परदेशस्थच, आणि त्यांना उभं राहायला ज्याचा आधार मिळाला ते त्यांनी स्वतः पैसा-पैसा जोडून आधीच बांधून ठेवलं होतं.

तुम्ही परत येता तेव्हा ड्यूपाँट आणि कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सेंट मेरीज चर्चच्या जळक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत आणि समोर पाया खणणं सुरू आहे. काम पाहायला आलेल्या एका सुटाबुटातल्या व्यापाऱ्याकडे कामगार बोट दाखवतात. लुक टिन एली. याचा जन्म कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोचा. शिकायला चीनला गेला आणि १८८४मध्ये परतला तेव्हा चौदा वर्षांच्या या पोराला बंदरातच अडवलं. खटला होऊन संघीय कोर्टाने निकाल दिला की इथे जन्मला, म्हणजे नागरिक आहे. आता तोच माणूस रॉस आणि बर्ग्रेन या गोऱ्या वास्तुरचनाकारांकडून पॅगोड्यासारखी वळणदार छपरं असलेल्या इमारती बांधून घेतोय. साधं गणित होतं: पर्यटक ज्या जागेवर प्रेम करतील ती जागा कुणी उठवायला धजणार नाही. ती छपरं अशी चीनमध्ये कुठे नव्हती. रस्त्यालाही लवकरच नवं नाव मिळालं, ग्रँट अव्हेन्यू.

आणि आता तुमच्या खिशातल्या दाखल्याकडे या. शहराच्या नोंदणी कार्यालयातली जन्माची कागदपत्रं आगीत गेली. चुलता एका रात्री हळू आवाजात तुम्हाला विचारतो, ‘तुझा जन्म इथलाच ना रे?’ तुम्ही त्याच्याकडे पाहत राहता. वाँग किम आर्क या सॅक्रामेंटो स्ट्रीटवर जन्मलेल्या माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९८मध्ये ठरवून टाकलं होतं की इथे जन्मलेला चिनीही अमेरिकन नागरिक. तुम्ही इथे जन्मलाच नाहीत हे सिद्ध करणारा कागद आता जगात नाही. साक्षीला दोन माणसं उभी करा, आणि नागरिक व्हा. नागरिकाला गावी जाऊन येता येतं. परतल्यावर मुलगा झाला अशी नोंद करता येते. त्या नोंदीवर उद्या दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा आणता येतो. असे ‘कागदी मुलगे’ पुढची कित्येक वर्षं येत राहिले. वयाच्या दर वर्षाला शंभर डॉलर असा साधारण भाव होता.

हा खोटेपणा होता का? होता. मी तो झाकणार नाही. पण ज्या कायद्याने एका वंशाला दारातच उभं केलं होतं, त्या कायद्याच्या भिंतीला पडलेलं हे भगदाड होतं, आणि त्यातून आलेल्या माणसांनी त्याची किंमत जन्मभर मोजली. १९१०च्या जानेवारीत खाडीतल्या एंजल बेटावर तपासणी ठाणं उघडलं. तिथे उतरून पाहा. लाकडी बराकी, जाळीच्या खिडक्या, आठवडेच्या आठवडे, कधी महिने. मेजापलीकडचा अधिकारी सोळा वर्षांच्या पोराला विचारतो: तुमच्या घराला पायऱ्या किती? रांगेतलं तिसरं घर कुणाचं? विहीर कुठल्या बाजूला? तांदळाची कणगी कुठे ठेवता? पोराने बोटीवर पाठांतराची वही घोकली आहे आणि बेट दिसताच ती समुद्रात फेकली आहे. एक उत्तर ‘बापाच्या’ उत्तराशी जुळलं नाही तर परतीची बोट. त्या बराकींच्या भिंतींवर माणसांनी चाकूने कविता कोरल्या, त्या आजही वाचता येतात.

आता शेवटची उडी, १९१५. शहर आपल्या पुनर्जन्माचा सोहळा करतंय. पनामा-पॅसिफिक प्रदर्शनाच्या मनोऱ्यावर हजारो काचमणी लखलखताहेत. करमणुकीच्या भागात ‘अंडरग्राउंड चायनाटाउन’ नावाचा खेळ लागला: अफूचे अड्डे, कुऱ्हाडवाले गुंड. चिनी प्रतिनिधी आणि व्यापाऱ्यांनी कडक निषेध नोंदवला तेव्हा तो बंद झाला आणि चिनी नाव काढून पुन्हा उघडला. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, पर्ल नदीच्या खोऱ्यात महापूर आला. बांध फुटले, कँटन शहरात दिवसेंदिवस पाणी राहिलं, शेतं आणि गावं गेली. हाँगकाँगच्या तुंग वाने बोटी आणि तांदूळ पाठवायला घेतले आणि परदेशातल्या चिन्यांचा पैसा त्याच्याकडे येऊ लागला. ज्या रस्त्याने मेलेल्यांच्या पेट्या गावी जात, त्याच रस्त्याने आता तांदळाचे पैसे निघाले.

स्टॉकटन स्ट्रीटवर सिक्स कंपनीजच्या नव्या इमारतीत तुम्ही रांगेत उभे आहात. आता एकतिशी आली आहे, वेणी चार वर्षांपूर्वी, चीनमध्ये क्रांती झाली तेव्हा कापली. लोक धोब्याच्या मजुरीतून वाचवलेली नाणी मोजून देताहेत. जमलेली रक्कम लुक टिन एली आणि साथीदारांनी भूकंपानंतर वर्षभरात काढलेल्या कँटन बँकेतून हाँगकाँगला जाईल. तुमच्या मागे एक पोर आहे, गेल्याच वर्षी बेटावरून सुटून आलेलं. सरकारच्या कागदांत त्याचं आडनाव वेगळं, बाप वेगळा, गाव वेगळं. कारकून पेन टेकवून त्याला विचारतो, ‘गाव कोणतं? कुणाचा मुलगा?’ पोर क्षणभर थांबतं, दाराकडे बघतं, आणि मग खरं गाव, खऱ्या बापाचं नाव, आणि दोन डॉलर सांगतं. कारकून तसंच लिहून घेतो आणि पुढच्याला बोलावतो.